गिरणी

लेकीचा गेमिंग पीसी बुटाच्या खोक्याएवढा, पण त्यातल्या ग्राफिक्स कार्डाचा पंखा असा घरघरायचा, की पलीकडच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली आई रोज करवादायची, “अगं, घरात गिरणी टाकलीस की काय? डोकं उठलं माझं!”

अखेर लेकीने मनावर घेतलं. एवढ्याशा डब्यात मावेल आणि आवाजही करणार नाही, असं कार्ड शोधण्यातच महिना गेला. टेपने चारदा मापून, श्वास रोखून तिने ते जेमतेम आत बसवलं. भर दुपारी घर कसं चिडीचूप झालं. आता आई सुखाने झोपेल, म्हणून तिने खेळ सुरू केला.

पाच मिनिटांत भिंतीपलीकडून हाक आली, “आहेस ना गं?”

“आहे की!”

थोड्या वेळाने पुन्हा, “गेलीस का गं कुठे?”

“इथेच आहे, आई.”

तिसऱ्या हाकेला आईचा आवाज कापरा झाला होता. लेकीने खेळ थांबवला. मग सेटिंगमध्ये जाऊन तिने नव्या कार्डाचा पंखा पूर्ण वेगावर करून टाकला.

“लागली मेली गिरणी परत!” आई कुरकुरली.

लेक डोकावून बघते तो, आईचा डोळा लागलेला.