हलका हात

कोरोना तपासणी केंद्रात दोन खिडक्या होत्या. एकीत ताई बसायची, दुसरीत तिचा सहकारी. त्याला लोक 'कसाई' म्हणायचे, कारण त्याने नाकात काडी घातली की धडधाकट माणसाच्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. ताईचा हात मात्र हलका. तिची काडी कधी आत गेली अन् कधी बाहेर आली, पत्ताच लागायचा नाही. साहजिकच सगळी रांग तिच्याच खिडकीपुढे.

ताईच्या बाबांना ताप आला तेव्हा त्यांचा नमुना तिनेच घेतला. रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि दमा असलेल्या आईने हुश्श करून त्यांचं अंथरूण परत आपल्या खोलीत घेतलं. पण ताप काही हटेना. खोकल्याने घर डोक्यावर घेतलं आणि ताईच्या जिवाला घोर लागला. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा तपासा." या वेळी तिने काडी कसायाच्या हाती दिली.

"अरे, मेंदू बाहेर काढतोस की काय!" बाबा ओरडले. मग डोळे पुसत तिला म्हणाले, "इतक्या आत घालायची असते होय? तुझ्या वेळी तर नाकाला कळलंसुद्धा नव्हतं गं."

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. ताईने तो आधीच्या निगेटिव्ह रिपोर्टशेजारी ठेवला. तेवढ्यात तिच्या खिडकीवर टकटक झाली. बाहेर एक बाई खोकला आवरत हसत होती.

 

"ताई, परवा तुम्ही आमचं अख्खं घर तपासलंत, सगळे निगेटिव्ह! आज शेजाऱ्यांनाही घेऊन आलेय. म्हटलं, हात तुमचाच हलका!"