लाल पट्ट्यातला काटा

चौथ्या फेरीलाही काटा मधल्या खुणेवर गप्प बसून राहिला, तेव्हा मिस्त्रीने गाडी दुकानासमोर लावली आणि डॅशबोर्डकडे संशयाने पाहिलं.

गाडी बावन्न वर्षांची होती. वेगाचा काटा ठीक, पेट्रोलचा ठीक. तक्रार फक्त तापमानाच्या काट्याची होती. गाडी सोडायला आलेल्या मुलाने सगळं सांगितलं होतं. त्याचे आईवडील दर रविवारी हिच्यातून थोरल्या मावशीकडे जातात. रस्ता पन्नास किलोमीटरचा. वाटेत काटा अचानक लाल पट्ट्यात चढतो, मग दोघं झाडाखाली इंजिन गार व्हायची वाट बघत बसतात. जाताना चारदा, येताना चारदा. सहा मेकॅनिक झाले, रेडिएटर नवा झाला, काटा आपला लालच. आता या वेळी काम झालं नाही, तर गाडी विकायची आणि दोघांना टॅक्सी लावून द्यायची, हे त्याने घरात त्यांच्यादेखत जाहीर केलं होतं.

मिस्त्री फक्त काटे दुरुस्त करायचा. जुन्या मोटारींचे, ट्रकचे, एकदा एका बोटीचे. इंजिनाशी त्याचं बोलणं नव्हतं. माझ्या हातून गेलेला काटा खोटं सांगत नाही, असं तो तीस वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवत आला होता. गिऱ्हाइकं मान डोलवायची, कारण त्यांची गाडी त्याच्या ताब्यात असायची.

त्याने डॅशबोर्ड उतरवला. काट्यात काडीचा दोष नव्हता. मात्र त्याच्या मागून एक जादा तार निघाली होती. तिच्यामागे सरकत तो स्टिअरिंगच्या खाली पोचला. तिथे जुन्या टॉर्चचं बटण चिकटवलेलं होतं. किल्ली फिरवून त्याने ते तीनदा सरकवलं. तिसऱ्यांदा काटा लाल पट्ट्यात गेला. धंद्याची सवय म्हणून त्याने बटण पुसून घट्ट केलं.

दोष सापडला म्हणून त्याने चहा सांगितला. चहा येईपर्यंत दुसरी जादा तार सापडली. ती शेजारच्या सीटपुढच्या कप्प्यामागे गेली होती आणि तिच्या टोकाला टेबललॅम्पचं बटण होतं. तेही त्याने पुसलं आणि चहा थंड होऊ दिला.

दुपारी वडील आले. दाढीची ब्लेडं आणायला निघालो होतो, म्हणाले. ब्लेडांचं दुकान त्यांच्या घराखालीच होतं. सापडलं का, असं त्यांनी विचारलं आणि काय सापडलं ते मिस्त्रीने विचारायच्या आत कबूल करून टाकलं.

"घरी आम्ही भांडत नाही हो, मिस्त्री. बोलतोसुद्धा. दूध आलं, गॅस संपला, पंखा बंद करा. पण गाडी थांबली की ती थर्मास काढते आणि मग बोलते. लहानपणी ती नदीत बुडता बुडता वाचली होती, हे मला लग्नानंतर एकेचाळीस वर्षांनी कळलं. पुलाजवळच्या वळणावर."

बटण काढू नका, आणि गाडीही विकली जाऊ देऊ नका, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. हे दोन्ही एकदम कसं जमवायचं, ते त्यांनी मिस्त्रीवर सोडलं. बायकोला मात्र यातलं अक्षर कळता कामा नये.

तासाभराने आई आल्या. त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. उघड्या डॅशबोर्डकडे त्यांनी वही तपासावी तसं पाहिलं आणि वायरिंग बरं जमलं होतं का, असं विचारलं. मिस्त्री हो म्हणाला. त्या खूश झाल्या, मग एकदम रडवेल्या. घरी नवरा पेपरमागून 'हं' म्हणतो, थांबलेल्या गाडीत पेपर नसतो, असं त्यांनी सांगितलं.

"गेल्या महिन्यात हे म्हणाले, मला मरायची भीती नाही, तुझ्या आधी मरायची आहे. असं माणूस चालत्या गाडीत बोलत नाही, भाऊ."

जाताना त्या दारात थांबल्या. कधी कधी आपण बटण न दाबताही काटा चढतो, म्हणाल्या. विज्ञानात हे बसत नाही, पण गाडीलाही कळत असावं बहुतेक.

मिस्त्रीने दोन्ही तारा हातात धरून बराच वेळ काढला. त्या काढल्या, तर काटा दुरुस्त, गाडी शाबूत आणि पन्नास किलोमीटर तोंडाला कुलूप. ठेवल्या, तर गाडी गेली. टॅक्सीवाला काही पुलाजवळ थांबणार नव्हता.

त्याने दोन्ही तारा जागच्या जागी बसवल्या, डॅशबोर्ड चढवला आणि आरशात बघून थाप मारायचा सराव केला. पहिल्या दोन वेळा त्याला स्वतःलाच पटली नाही.

संध्याकाळी मुलगा आला. मिस्त्रीने पाठ केलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं. काटा एकदम चोख आहे. इंजिनच म्हातारं झालंय, ते खरोखर तापतं. तेव्हा काटा चढला की थांबायचं, दोघांनी उतरायचं, घाई करायची नाही. आणि गाडी विकायचं तर मनातही आणू नका, असा काटा आता बनत नाही. बोलून होईपर्यंत त्याचे कान तापले.

मुलाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. रस्त्यावर इकडेतिकडे पाहिलं. मग तो गाडीत बसला, किल्ली फिरवली आणि खाली न बघता स्टिअरिंगखाली हात घातला. काटा लाल पट्ट्यात गेला. त्याने तो उतरू दिला, पलीकडे वाकून कप्प्यामागे बोटं घातली. काटा पुन्हा लाल.

"विकायचं म्हटल्याशिवाय त्या दोघांनी किल्ली सोडली नसती," तो म्हणाला. "महिनाभर बटणं नीट लागत नव्हती, रविवारी दुपारी चारलाच परत यायला लागले होते, मिस्त्री. मला आणि बायकोला तरी घरात बोलायला दुसरा दिवस कुठला मिळतो?"