स्योकाऊचा भोपळा

लाल लोकरीचा दोरा, जुन्या स्वेटरमधून उसवलेला.

बरणीत बियांसोबत ठेवलेलं कोरडं मीठ. मीठ सुटं राहिलं तर बी वाळलं. गोळा झालं तर बी अजून ओलं.

नदीकाठचा रानभोपळा. त्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही.

थुंकी, भर अंगणात.

थुंकी नवऱ्यामुलाच्या आजोबांची होती. स्योकाऊच्या मुलीला मागणी घालायला आलेल्या सोयऱ्यांमध्ये सगळ्यात वडील तेच, म्हणून पहिला वाडगा त्यांना.

"काय रांधलंय हे? पित्त?"

"भोपळा आहे, बाबा," स्योकाऊ म्हणाली. "आमच्या घरचा. गोड."

दुसऱ्याने घास घेतला, थुंकला. तिसऱ्याने नुसता वास घेऊन वाडगा खाली ठेवला. मुलाची आत्या ओठ पुसत म्हणाली, "मुलगीही याच वेलावरची ना?"

सोयरे हसले. घरचं कुणी हसलं नाही.

स्योकाऊच्या हातातला डाव हातातच राहिला. तिने चाखलं नव्हतं. सोयऱ्यांच्या आधी हंडी उष्टी करायची नाही, आणि वेलाची पहिली फळं तर तिने या दिवसासाठीच राखली होती.

तिची धाकटी जाऊ कावुथा भिंतीला टेकून मका चावत होती. सावकाश. एकेक दाणा.

गोड भोपळ्याचं बी कावुथाच्या आईचं. लग्नात कापडाच्या गाठीत बांधून आलेलं. पण कुणी बी मागितलं तर नाही म्हणायचं नाही. नाही म्हणणाऱ्याच्या शेतावरून पाऊस निघून जातो. स्योकाऊ दर वर्षी मागायची, कावुथा दर वर्षी द्यायची, आणि बाजारात नाव झालं 'स्योकाऊचा भोपळा'. आईला पुरून आली त्याच महिन्यात कावुथा एकदा बोलून गेली, की हे बी माझ्या आईचं. स्योकाऊ चारचौघींत म्हणाली, "तुझ्या आईच्या दाराला धड कुंपण नव्हतं. भोपळा कुठला चढायला?"

त्या दिवशी सगळ्या हसल्या होत्या.

मग बियाण्याच्या बाई आल्या. बाभळीखाली बायकांना बसवून शिकवू लागल्या. या भोपळ्याचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं. पतंग एका वेलाचे पराग दुसऱ्या वेलावर नेतात. म्हणून कळी दुपारीच दोऱ्याने बांधायची, तिन्हीसांजेला सोडायची, आपल्या पसंतीचं नरफूल तिला लावायचं आणि पुन्हा बांधायची. फळ आईसारखंच धरतं. बापाचा गुण कळतो तो त्याचं बी पेरल्यावर.

"आमच्या घरीही तसंच आहे, बाई!" कुणीतरी म्हणालं, आणि बाईसुद्धा हसल्या.

कावुथा हसली नव्हती. तिने सगळ्या कळ्या बांधल्या. एकीला मात्र लावलं ते नदीकाठच्या रानभोपळ्याचं फूल.

फळ देखणं आलं. त्याचं बी तिने सावलीत वाळवलं, मिठाने पारखलं, राखेत घोळवलं. इतकं जपून तिने आईचं बीही कधी ठेवलं नव्हतं. त्यातलं एकही फुकट जायला नको होतं. स्योकाऊ मागायला आली तेव्हा तिने दोन्ही हातांनी दिलं.

"निवडून दिलंय, जाऊबाई."

आता अंगणात स्योकाऊ तिच्याकडे वळली. "कावुथा, हे बी..."

"तुमचंच ना, जाऊबाई?" कावुथा सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "सगळं गाव म्हणतं."

सोयरे पुढची तारीख न काढताच उठले. स्योकाऊने हंडी उकिरड्यावर पालथी केली. कोंबड्या धावत आल्या आणि परत फिरल्या. कावुथाला घाई नव्हती. हे सगळं शेवटपर्यंत बघायचं होतं तिला, आणि ऊन कलून गेलं तरी ती बसून राहिली.

कुंपण ओलांडून ती आपल्या परसात आली तेव्हा अंधारू लागलं होतं. घरात उरलेलं आईचं सगळं बी तिने यंदा पेरलं होतं. शेळ्या शिरल्या, एकच वेल वाचला. त्यावर बियांसाठी राखलेली एकच मादी कळी.

कळी उमलली होती. लाल दोरा सकाळपासून कावुथाच्या कमरेला तसाच खोचलेला होता.

फुलावर पतंग बसला होता, तोंड परागांनी माखलेलं. कुंपणापलीकडे स्योकाऊचे वेल पांढऱ्या फुलांनी भरून गेले होते.

पतंग नदीपासून गावापर्यंत सहज उडत येतो, हे बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.