चार वाजताचे बूट

चार वाजले होते आणि बाबांच्या पायात बूट होते. नाड्या दुहेरी गाठ मारून नीट बांधलेल्या. ते दाराच्या कडीवर हात ठेवून उभे होते.

"चला, घरी जायला हवं," ते म्हणाले. "ती वाट बघत असेल."

"बाबा, हेच आपलं घर आहे," टेबलापाशी बसलेली लेक म्हणाली. "आणि आई जाऊन सहा वर्षं झाली."

बाबांचा चेहरा उतरला. ही बातमी त्यांना रोज नव्याने कळायची आणि रोज तितकीच लागायची. मग ते खिडकीपाशी बसायचे, पडद्यातून गळणाऱ्या पिवळ्या उन्हाकडे बघत. पाच-दहा मिनिटं गेली की ये रे माझ्या मागल्या, पुन्हा दाराशी.

लेक मुद्रितशोधक होती. दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका हुडकून दुरुस्त करणं हे तिचं पोटापाण्याचं काम. दिसलेली चूक तशीच सोडून दिली, असं वीस वर्षांत तिच्या हातून झालं नव्हतं. ते बाबांच्या बाबतीत तरी कसं व्हावं?

गेल्या महिन्यात बाबा दोनदा हरवले. दुसऱ्यांदा पार नदीच्या पुलावर सापडले. डॉक्टर म्हणाले, आता दाराला आतून कुलूप लावा. तिने कुलूप आणलं, पण ते वेष्टणातून बाहेर काढायला तिचा हात धजेना. ज्या माणसाने चाळीस वर्षं शंभर-शंभर लोकांकडून एका सुरात गाऊन घेतलं, त्याला कोंडून कसं ठेवायचं? सोमवारपर्यंत बघू, असं तिने ठरवलं होतं. आज रविवार होता.

आशा एकच होती, बाबांचं अर्धं राहिलेलं गाणं. बाबा समूहगानं रचायचे आणि त्यांचं नोटेशन, म्हणजे पाच आडव्या रेघांवर मांडलेले सूर, कॉम्प्युटरवर एकाच जुन्या प्रोग्राममध्ये लिहायचे. एकेक ओळ झाली की ते ती आईला ऐकवायचे. आईने आत भांडी घासता घासता ती म्हणून दाखवली, की मगच पक्की. शेवटच्या गाण्याची शेवटची ओळ लिहायची राहिली आणि आई गेली. ते गाणं पुढ्यात आलं तर बाबा दार सोडतील, असं लेकीला वाटत होतं. पण प्रोग्राम चालायचा फक्त विंडोजवर, आणि आताच्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी होतं लिनक्स.

ते घालून दिलं होतं वरच्या मजल्यावरच्या शेजारणीने. लिनक्सच्या चिन्हात पेंग्विन असतो, आणि ही बाई भेटेल त्याच्या कॉम्प्युटरवर लिनक्स घालायची, म्हणून सगळी इमारत तिला पेंग्विन म्हणायची. आता निस्तरायलाही तीच येऊन बसली होती. बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवलेली, प्रोग्राम आणि गाणं असलेली सीडी तिने कॉम्प्युटरमध्ये घातली होती.

प्रोग्राम उघडला. पण सुरांच्या जागी नुसते चौकोन. रिकाम्या खिडक्यांसारखे, ओळीने.

"याला सूर लिहायची त्याची जुनी अक्षरं सापडत नाहीयेत," पेंग्विन म्हणाली. "थांब, आणून ठेवते."

"पण विंडोज नसताना हा उघडलाच कसा?" लेकीने विचारलं.

"मध्ये वाइन नावाचा एक प्रोग्राम बसवलाय. हा बिचारा सारखा विचारत असतो, माझं सी ड्राइव्ह कुठाय, माझी अक्षरं कुठायत. वाइन म्हणतं, हे काय, इथेच आहेत. याला वाटतं आपण आपल्या घरीच आहोत."

"म्हणजे त्याच्याशी खोटं बोलायचं?"

"खोटं कसलं? तुझं घर आता राहिलं नाही, असं सांगितलं तर तो जागच्या जागी बंद पडेल. आपण हो म्हणायचं आणि तो मागेल ते हातात द्यायचं. मग बघ कसा कामाला लागतो."

प्रोग्राम बंद होऊन पुन्हा उघडला तेव्हा चौकोन गेले होते आणि पाचही रेघांवर सूर येऊन बसले होते. पेंग्विनने बटण दाबलं. बारीक, पाण्याखालून यावा तसा आवाज खोलीभर पसरला. पडद्याचं ऊन हलल्यासारखं वाटलं. गाणं चढत गेलं, वळलं आणि शेवटच्या ओळीच्या तोंडाशी येऊन थांबलं.

बाबांचा हात कडीवरून सुटला. ते हळूहळू टेबलापाशी आले. कॉम्प्युटरच्या काचेवर बोट ठेवून त्यांनी एकेक सूर वाचला, ओठ हलवत.

"माझं आहे हे," ते म्हणाले. "शेवटची ओळ राहिलीय. तिच्याकडून म्हणून घ्यायला हवी." मग त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. "ती आहे ना गं घरात?"

लेकीच्या ओठांवर रोजचं उत्तर आलं. सहा वर्षं, अचूक. पेंग्विन आपल्या चहाच्या कपात बघत राहिली. लेकीला त्या क्षणी बाबांची इतकी माया आली, की तिने ते उत्तर गिळून टाकलं.

"हो बाबा," ती म्हणाली. "आत आहे. भांडी घासतेय. तुम्ही ओळ लिहा, मी तिला म्हणायला सांगते."

बाबांनी मान डोलावली. खुर्ची ओढून बसता बसता त्यांची नजर स्वतःच्या पायांकडे गेली आणि तिथेच थबकली.

"मग मी बूट घालून कुठे निघालो होतो?" ते म्हणाले, आणि नाड्या सोडायला वाकले.