कुंडलिकचं पान

“माझ्या नवऱ्याला रोज काय गं एवढं सांगतेस?” वनमालाने दळणाचा डबा सपनाच्या शिलाई मशीनवर दाणकन आदळला.

सपनाच्या ओठांत टाचण्या होत्या. त्या तिने एकेक करून काढल्या. तेवढ्यात वनमालाने तिच्या कोरलेल्या भुवया, काजळ, गळ्यातली टेपसुद्धा पाहून घेतली. आपण मात्र गाऊनवर ओढणी टाकून आलो, हे लक्षात आलं आणि ती आणखीच पेटली.

चार दिवस ती समोरच्या पिठाच्या गिरणीतून बघत होती. कामावरून सुटलेला कुंडलिक विक्रोळीच्या या गल्लीत शिरला की आधी सपनाच्या दुकानात. दहा मिनिटं स्टुलावर. ही बोलायची, तो शहाण्या पोरासारखा मान डोलवायचा. आणि घरी? घरी गॅसवर दूध ठेवून विसरायचा. आपण जेवलो का, हे तिलाच विचारायचा. लग्नाचा वाढदिवस विसरला तो विसरला, वर तिच्यावरच खेकसला. शेजारची लता म्हणालीच होती, “पुरुषाचं चित्त दुसरीकडे गेलं ना, की असंच होतं बघ.” आज सोक्षमोक्ष, नाहीतर लेकीला, तेजलला, घेऊन माहेरी, असं ठरवूनच वनमाला आली होती.

“काय, तोंड शिवलं का?”

“वहिनी, बसा आधी.”

“वहिनी कशाला? सवत म्हण ना सरळ!”

सपनाने मापांची वही काढली. तिच्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान असतं. तिने उघडलेल्या पानावर कुंडलिकचं नाव होतं, पण खाली माप एकही नव्हतं. ‘सोमवार. साबुदाणा अर्धा किलो, घरी उपास.’ ‘मंगळवार. तेजलच्या शाळेत मीटिंग, आठवी ब.’ ‘बुधवार. बायको रागावलीय. गजरा.’

बुधवारचा गजरा वनमालाने खिडकीतून भिरकावला होता. पाप झाकायला आणलाय, असं वाटून.

“सकाळी कामावर जाताना दादा घरातलं सगळं मला लिहायला लावतात,” सपना म्हणाली. “संध्याकाळी माझ्याकडून पाठ करून घेतात, मग घरी जातात.”

“स्वतःला लिहिता येत नाही?”

“लिहिलेला कागद कुठे ठेवला, तेच विसरतात.” सपनाचा आवाज खाली आला. “दादा काम करतात त्या साकीनाक्याच्या शेडमध्ये जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवतात ना, तो धूर. डॉक्टरांनी रक्त तपासलं. म्हणाले, शिसं मेंदूपर्यंत गेलंय. आतल्या पेशी मरतात, त्या परत येत नाहीत. काम आजच्या आज सोड. दादा म्हणतात, पोरीची दहावी होऊ दे.”

“आणि हे तुला माहीत. मला नाही.”

“तुम्हाला कळू नये म्हणून तर सगळा खटाटोप, वहिनी.”

बाहेर पायरीवर ओळखीचं खोकणं ऐकू आलं. माप घ्यायच्या कोपऱ्यात पडदा होता. सपनाने तिला त्याच्यामागे ढकललं.

कुंडलिक आत आला. स्टुलावर टेकला. पडद्याच्या फटीतून वनमालाला त्याचे हात दिसले. मांडीवर ठेवले तरी ते थरथरत होते.

“आजचं वाच गं लवकर. घरी ती वाट बघत असेल.”

“आज काहीच सांगितलं नव्हतं तुम्ही, दादा.”

“बरं झालं.” तो हसला. “आज म्हटलं, तिला नावाने हाक मारावी. किती दिवस नुसतं ‘अगं, अगं’ चाललंय. बाईमाणसाला वाईट वाटतं.”

तो उठला. दारापर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला.

“सपना,” त्याने न वळताच विचारलं, “नाव काय गं तिचं?”

“वनमाला,” पडदा सारत वनमाला म्हणाली. “उद्यापासून त्या भट्टीवर जायचं नाही. आणि काय विचारायचं ते मला विचारायचं. हिला नाही.”