तळ्याकाठचं घर दाखवताना

या महिन्यात दोनदा काकांनी बायकोला कमरेइतक्या पाण्यातून ओढून आणलं होतं. घर आणि तळं यांत बारा पावलांचं अंतर. आणि तिला आता ना घर ओळखू येई, ना पाणी. दाराला कडी घालता येते, तळ्याला कुठून घालणार? घर विकायचं आणि पाण्यापासून लांब जायचं, एवढाच एक ध्यास त्यांना लागला होता. पण चार गिऱ्हाइकं आली नि गेली.

आज पाचवं जोडपं आलं, तेव्हा एजंट बाईंनी आधीच बजावलं, "काका, तुम्ही व्हरांड्यात गप्प बसा. मागच्यांना भिंतीची ओल तुम्हीच बोट लावून दाखवलीत. घर विकायचंय की पंचनामा करायचाय? काकूंना येऊ द्या माझ्याबरोबर."

मग बाई खोल्या दाखवत निघाल्या. सकाळचं ऊन इकडून येतं, वारा तिकडून. काकू त्या जोडप्याच्या मागोमाग, कपाटं उघडून बघत, खिडकीतून पाणी न्याहाळत. काका बाहेर जीव मुठीत धरून.

अर्ध्या तासानं जोडपं कोपऱ्यात कुजबुजू लागलं. "पसंत आहे त्यांना," बाई हळूच सांगून गेल्या. काकांच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात बायकोनं त्यांची बाही ओढली. कितीतरी महिन्यांनी ती त्यांच्याकडे ओळखीच्या नजरेनं बघत होती.

 

"अहो, ते दोघं हो म्हणायच्या आत तुम्ही हो म्हणून टाका ना. असं घर पुन्हा नाही मिळायचं आपल्याला."