एकाच नावाच्या चिठ्ठ्या

रामटेके सरांनी तिसरी चिठ्ठी उघडली, चौथी उघडली, आणि मग डबाच टेबलावर पालथा केला. बुधरी. बुधरी. बुधरी. बाजारातल्या घरांतून येणारी थोडी पोरं सोडली, तर वसतिगृहातल्या झाडून सगळ्यांनी एकच नाव लिहिलं होतं.

नववीचा नागरिकशास्त्राचा तास होता आणि शाळेचा मुख्यमंत्री निवडायचा होता. कल्पना सरांचीच. वसतिगृहाच्या भातात अळ्या निघतात, हे पोरांनी आधी त्यांनाच येऊन सांगितलं होतं. सर म्हणाले होते, "असं घोळक्यानं येऊन काही होत नाही. तुमचा एक माणूस निवडा. उद्या गडचिरोलीहून तपासणीला साहेब येणार आहेत, मुख्यमंत्री त्यांच्यासमोर बोलेल. लोकशाहीची रीत हीच." पोरांना ते पटलं. वसतिगृहात तीन गावची पोरं होती, पण रोज जेवायला सगळी एकत्र गोल बसत आणि मोठी पोरं आधी लहानांच्या ताटातल्या अळ्या वेचून टाकत. दुसरीतली रुखमा तर बुधरीला चिकटूनच बसायची. तिला अजून अळी कोणती न् शीत कोणतं ते कळत नव्हतं.

"हे काय आहे?" सरांनी चिठ्ठ्यांवर हात आपटला. "कोनं सांगतलं तुमाले हे नाव लिवाले?" सर चिडले की पुस्तकातली मराठी सुटायची आणि घरची यायची.

लालसू उभा राहिला. "कोनं नाई सर. आमी काल सगळे आंब्याखाली बसलो. गावात गोटूलपाशी सारं गाव सभेले बसते ना, तसे. सगळ्यायचं जमलं, मंग उठलो."

"म्हणजे आधीच ठरवलं!"

"हो सर. बुधरी कोनाले भेत नाई. ते साहेबाले सांगन."

लालसूला वाटलं, सर शाबासकी देतील. सर मात्र त्या चिठ्ठ्यांकडंच बघत होते. आरमोरीकडच्या त्यांच्या गावात मालकाच्या ओसरीवर नाव ठरायचं आणि सारा मोहल्ला मुकाट जाऊन त्याच चिन्हावर शिक्का मारून यायचा. आपल्या बापाला तसं खाली मान घालून जाताना त्यांनी पाहिलं होतं. एकाच नावाच्या चिठ्ठ्यांचा ढीग पाहून त्यांना दुसरं काही आठवणंच शक्य नव्हतं. भला माणूस, पण करणार काय!

"हे मतदान नाही," ते म्हणाले. "ज्याचं मत त्याचं. पुन्हा घ्यायचं. आणि एक नाही, चार उमेदवार पाहिजेत. लालसू, तू उभा राहा. जंगू, तूही. बाजारातून कोण?"

अधीक्षकांचा भाचा प्रमोद हसत पुढं आला. वसतिगृहाचा तांदूळ आणायचे ते हेच अधीक्षक.

"आता एकेकानं सांगा, मत तुम्हालाच का द्यायचं."

लालसू फळ्यासमोर उभा राहिला. "सर, बुधरीच चांगली आहे."

"अरे, मग तू उभा काऊन राह्यला? तिच्यात काय कमी आहे ते सांग. प्रचार असाच असतो."

लालसूनं बुधरीकडं पाहिलं, मग जमिनीकडं. "ते पोरगी आहे," तो म्हणाला.

वर्ग खो खो हसला. असं हसणं लालसूच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. त्याला बरं वाटलं. "पोरीचं साहेब आयकत नाई," त्यानं आणखी जोडून दिलं.

मग जंगू आला. लालसूचा बाप कोतवाल, सरकारचा पगार खातो, लालसू काय सरकारच्या विरोधात बोलतो, असं म्हणाला. लालसूच्या गावची पोरं खवळली, जंगूच्या गावच्यांनी बाकं बडवली. बुधरीची पाळी आली तेव्हा ती जागची उठलीच नाही. प्रमोदनं सगळ्यांना नमस्कार केला आणि क्रिकेटची बॅट आणून देतो म्हणाला.

या वेळी चिठ्ठ्या छान निघाल्या. तीन गावच्या पोरांची मतं आपापल्या गावच्या उमेदवाराला जाऊन तिघांत फुटली, बाजारातली सगळी एका जागी पडली. प्रमोद निवडून आला.

सर खडू घेऊन फळ्याकडं वळले. उद्या साहेबांसमोर कोण बोलणार, हे तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं. पण चार उमेदवार, गुप्त मतदान, उघड मोजणी, सगळं पुस्तकात होतं तसं झालं होतं. आता मोडायचं तरी कशाच्या नावाखाली?

"सर," बुधरी बसल्या जागेवरून म्हणाली, "आता आमच्या भाताचं कोन सांगन?"

सरांनी फळ्यावर प्रमोदचं नाव लिहिलं. "मत म्हणजे मत, बुधरी," ते म्हणाले. तिच्याकडं पाहायची त्यांची हिंमत झाली नाही.

दुपारी जेवणाची घंटा झाली. सर व्हरांड्यात येऊन थांबले. पोरं ताटं घेऊन आली, पण आज गोल झाला नाही. जंगूच्या गावची भिंतीकडं बसली, बुधरीच्या गावची पायरीपाशी, लालसूच्या गावची चिंचेखाली. रुखमा ताट सांभाळत नेहमीसारखी बुधरीकडं निघाली, तसा लालसूनं तिचा हात धरला.

"तिकडं नाई. तू आपल्या गावची."

ती त्याच्या शेजारी बसली. लालसू खाली मान घालून आपल्याच ताटातलं निवडत होता. पलीकडून बुधरीनं एकदा इकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. रुखमानं रोजच्यासारखं ताट पुढं केलं आणि थांबली. कोणाचाच हात आला नाही. मग तिनं ताट मांडीवर ओढलं, भात कालवला आणि खाऊ लागली.